तात्या आणि टोपीवाले पाव्हणे

आमच्या घराच्या ओट्यावर एक बाज आहे, आणि ओट्यापुढून रस्ता जातो. अशा बाजेवर बसणाऱ्याचं तोंड रस्त्याकडे असणार, हे कुणाला सांगायला नको. पण मध्ये एक सबंध पावसाळा आणि पुढचा अर्धा हिवाळा त्या बाजेवर एक माणूस रस्त्याकडे पाठ करून बसलेला होता. पुढ्यात भिंत. भिंतीवर एक खुंटी आणि खताच्या दुकानातून मिळालेलं जुनं कॅलेंडर. दुसरं बघण्यासारखं काही नाही.

तो माणूस म्हणजे माझे थोरले चुलते, तात्या. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा घरच्यांवर रुसलाय. गावातल्या माणसाला खरं कारण माहीत होतं, म्हणून तो खाली बघून पुढे जायचा. तात्यांचा उजवा हात गेला होता. आणि उजवा हात गेला म्हणजे तात्यांचा रामराम गेला होता.

नुसतं 'रामराम' म्हटलं तर वाचणाऱ्याला काही उलगडा होणार नाही. रामराम सगळेच करतात. तात्यांचं तसं नव्हतं. त्यांनी उभी हयात दुधाच्या टेम्पोवर काढली. राजूरच्या वरच्या अंगाला, भंडारदऱ्याकडच्या वाड्यावस्त्यांवरून कॅन गोळा करायचे आणि ऊन तापायच्या आत संगमनेरला आणून पोचवायचे. ड्रायव्हरची बाजू उजवी. त्यामुळे डावा हात स्टेअरिंगवर आणि उजवा खिडकीबाहेर, हे त्यांचं कायमचं आसन. मग गिअर कशाने टाकायचे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. समोरून एसटी आली, रामराम. बैलगाडी आली, रामराम. बांधावर कुणी तंबाखू मळत बसलाय, त्याला रामराम. शेतात बायका खुरपत असतील तर मात्र हात नाही, नुसता हॉर्न. "बाईमानसाला रस्त्यावरनं हात करू नये. हॉर्न चालतो."

ओळख असण्याची अट नव्हती. कुणी विचारलं, "तात्या, ह्ये कोन हुतं?" तर म्हणायचे, "म्हाईत न्हाई."

"मंग रामराम कसा घातला? वळख न्हाई, पाळख न्हाई."

"आत्ता झाली की वळख."

घरात पहिला मोबाईल आला तेव्हा 'नमस्कार' म्हणून सुरुवात करणाऱ्या कंपनीच्या बाईला तात्या मोठ्याने "रामराम ताई, बोला" म्हणायचे, आणि तिचं सगळं ऐकून घेऊन "बरं, येऊ का मग?" म्हणून फोन ठेवायचे. माझे वडील, म्हणजे अण्णा, फार चिडायचे.

"आरं तात्या, रेकॉर्ड हाय ती!"

"मला म्हाईत हाय रे. पन पयला नमस्कार तिनं घातला ना?"

आपला रामराम कुणी घेतला नाही तर मात्र तात्यांना चैन पडायची नाही. एका सोयरिकीच्या बैठकीत मुलाकडचा मामा जरा ताठ होता. तात्यांचा रामराम त्याने पाहून न पाहिल्यासारखा केला. जेवायच्या पंगतीत तात्या बरोबर त्याच्यासमोर जाऊन बसले आणि तो घास घेणार की हे "रामराम!" त्याने पाणी प्यायला तांब्या उचलला की "रामराम!" सगळी पंगत हसायला लागली. शेवटी मामाने हात धुऊन हात जोडले. "रामराम, मालक. चुकलं आमचं."

"चुकलं न्हाई वो," तात्या म्हणाले, "तेवढं ऱ्हाऊन गेल्तं."

सोयरीक जमली. तो मामा अजूनही लांबूनच हात करतो.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., रसायनशास्त्र, पहिला वर्ग. ही बढाई आहे, पण खरी आहे. चुलती मी लहान असतानाच गेली, तात्यांना मूलबाळ नाही. कॉलेजला मी त्यांच्याच टेम्पोतून जायचे. माझ्या दप्तराला दुधाचा वास यायचा आणि वर्गातल्या मुली नाकाला रुमाल लावायच्या, त्या मुली आता कुठे आहेत मला माहीत नाही. निकाल लागला त्या दिवसापासून माझं सुवर्णा हे नाव बंद पडलं. रस्त्यात जो भेटेल त्याला तात्या सांगायचे, "ही आमची बीयस्शी." आमच्या फाट्यावरच्या एसटीचा कंडक्टर मला अजूनही "बसा, बीयस्शीताई" म्हणतो. मी पूर्वी दुरुस्त करायचे. आता बसते.

तर असे तात्या. टेम्पो सोडून काही वर्षं झाली होती, तरी सकाळी फाट्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करणं हे त्यांचं काम चालूच होतं. तिथेच, चहाच्या टपरीपाशी, त्यांच्या अंगावरून वारं गेलं. एसटी आली, तात्यांनी हात उचलला, आणि हात छातीपाशीच थांबला. तोंडातून रामराम निघाला तो नुसता 'रा' निघाला. टपरीवाला हसला. त्याला वाटलं, तात्या कुणाची तरी नक्कल करतायत. मग तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं.

लगेच सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, एका गावाला वाऱ्यावर झाडपाला देतात, तिकडे न्या. कुणी म्हणालं, कबुतराचं रक्त चोळा, हमखास उतार पडतो. अण्णांनी घाबरून मला फोन केला. मी तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले होते. मी इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबलं. "पाला नको, रक्त नको! आहे ती गाडी पकडा आणि संगमनेरला दवाखान्यात आणा. आत्ताच्या आत्ता!" घरात पोरीचा आवाज एवढा कधी चढला नव्हता, म्हणून तो ऐकला गेला. तात्या वाचले.

वाचले, पण घराची घडी मोडली. दवाखान्याच्या खर्चापायी दोन दुभत्या गाई विकल्या. माझं एम.एस्सी. आधी लांबलं आणि मग त्याचा विषयच निघेना. अण्णा गोठ्याचं, शेताचं आणि तात्यांचं अशी तीन माणसांची कामं करायचे आणि तीन माणसांइतके चिडायचे. आईचे ते थोरले दीर. इतक्या वर्षांत तिने त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, ती त्यांना भरवणार कशी? ती ताट वाढून दाराआड उभी राहायची आणि भरवायचं काम अण्णांकडे.

"तात्या, आ कर की!"

"हळू घाल की जरा. म्हशीला पेंड चारतोस का?"

म्हणजे वाचा महिना-दोन महिन्यांत बऱ्यापैकी परतली होती. पायही काठीच्या आधाराने चालायला लागला. हात मात्र मांडीवर पडून राहिला, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

लोक भेटायला यायचे, ओट्यावर चढता चढता रामराम घालायचे. तात्यांचा डावा हात नकळत उठायचा आणि अर्ध्यातच खाली यायचा. डाव्या हाताने रामराम म्हणजे त्यांच्या लेखी शिवी. एक दिवस ते अण्णांना म्हणाले, "बाज फिरव."

"का?"

"मानूस दिसलं की रामराम घालावा लागतो. दिसलंच न्हाई तर चुकत न्हाई."

अण्णांनी बाज फिरवली. मग गोठ्यात गेले आणि एकाच गाईला बराच वेळ खरारा करत बसले.

डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. हातात जीव आहे, खांदा थोडा हलतो. पण हात वापरात आणला नाही तर मेंदू त्याला विसरत जातो. सुरुवातीचा काळ हातचा घालवू नका. व्यायाम लिहून दिले होते: रबरी चेंडू दाबा, टेबलावर फडकं फिरवा. तात्यांनी पहिल्याच आठवड्यात चेंडू कुत्र्याला दिला. "दाबून दाबून काय करू? त्यातून दूध निघतंय का?"

एक-एक दिवस जात होता आणि तो हात आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे परका होत चालला होता. मला दिसत होतं की हा हात असाच राहिला तर तात्याही असेच राहणार, भिंतीकडे तोंड करून, शेवटपर्यंत.

तेवढ्यात कॉलेजात मला कळलं की संगमनेरच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात अशा पेशंटसाठी एक चष्मा आलाय. चष्मा म्हणजे डोळ्यांवर बांधायचा डबाच. आत वेगळीच जागा दिसते, मान वळवली की ती जागाही वळते, आणि तळहाताला पट्ट्याने एक रिमोट बांधतात, तो हलला की आतला हात हलतो. पेशंटला वाटतं आपण काहीतरी काम करतोय, आणि कामाच्या नादात व्यायाम होतो. मी तात्यांना हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी भिताडाकडं बघायचं सोडून डब्यात बघायचं." पण आले. बीयस्शीचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही.

तिथल्या गायत्री मॅडम वयाने माझ्याएवढ्याच, नाशिककडच्या, प्रत्येक पेशंटला 'बाबा' किंवा 'आजी' म्हणणाऱ्या. पहिला खोळंबा टोपीवरून झाला. चष्म्याचा पट्टा डोक्यामागून घ्यायचा तर तात्यांची पांढरी टोपी काढायला हवी.

"टोपी न्हाई काढनार. चारचौघांत बोडकं बसायला कुनी मेलंय का?"

मॅडमनी समजावलं, मी समजावलं. शेवटी चष्मा आधी आणि त्याच्यावर टोपी, अशी तडजोड झाली. पुढे जो पेशंट यायचा तो तात्यांना बघून आधी हसायचा आणि मग चष्म्याला घाबरायचा नाही, त्यामुळे मॅडमनी ती पद्धत चालू ठेवली.

आत जे तात्यांना दिसत होतं तेच भिंतीवरच्या टीव्हीवर आम्हाला दिसत होतं. परदेशातली बाग. हिरवं गवत, पांढरं लाकडी कुंपण, लालभडक सफरचंदांनी वाकलेलं झाड आणि त्याच्याखाली टोपली.

"बाबा, काय दिसतंय?"

"बाग."

"छान. आता उजवा हात पुढे न्यायचा, एक सफरचंद तोडायचं आणि टोपलीत टाकायचं."

तात्यांचा हात मांडीवरच.

"बाबा? प्रयत्न करा ना."

"कुनाची हाय?"

"काय?"

"बाग वो. मालक कोन?"

"कुणीच नाही, बाबा. खोटी बाग आहे ही."

"कुनाचीच न्हाई अशी बाग नसती, डाक्तरीनबाई. सातबारा कुनाच्या तरी नावावर असतोयच. इचारल्याबिगर दुसऱ्याच्या फळाला हात लावायचा न्हाई आमच्यात."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तात्या, तुमच्याच नावावर आहे असं समजा."

"समजून सातबारा हुतो का? मंग समदा तालुका माझाच समजतो की."

असा बराच वेळ गेला. चष्मा लावलेले, टोपी घातलेले तात्या खुर्चीत आणि हात मांडीवर. मला वाटायला लागलं की ही फेरी फुकट गेली. मी त्यांच्यापुढे हात टेकणार, इतक्यात टीव्हीवर काहीतरी हललं. कुंपणाच्या पलीकडे एका बाकावर गवती टोपी घातलेला एक म्हातारा बसलेला होता. मी त्याला बागेच्या देखाव्यात धरलं होतं, कुंपणासारखा. पेशंट बराच वेळ काही करत नसला की तो हात हलवत असावा. त्याने हात हलवला.

तात्यांची मान ताठ झाली.

"ह्ये कोन?"

गायत्री मॅडम हुशार. त्यांनी क्षणाचाही वेळ घालवला नाही. "हेच मालक."

"आवो, मग आधी सांगायचं की!" तात्या म्हणाले, आणि तळव्याला बांधलेल्या रिमोटसकट त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला.

फार नाही उठला. दोन-चार बोटांइतकाच. पण त्या चष्म्याची गंमत अशी की खरा हात थोडा उचलला की आतला हात भरपूर उचलला जातो. टीव्हीवर तात्यांचा हात पार कपाळापर्यंत गेला. "रामराम, पाव्हणं. दोन सफरचंदं घेतो तुमची."

मॅडम टीव्हीकडे बघत नव्हत्या. मीही नव्हते. आम्ही दोघी त्या मांडीवरून सुटलेल्या हाताकडे बघत होतो. मग तो दमून खाली आला.

"काय म्हनले का वो ते?" तात्यांनी विचारलं. "मला आयकू आलं न्हाई."

तेवढ्यात म्हाताऱ्याने पुन्हा हात हलवला. "हो म्हणाले," मी म्हटलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक माणूस वाढला. तात्या दवाखान्यातून आले की जेवताना पाव्हण्यांच्या गोष्टी. "पाव्हण्याची बाग झाक हाय, पन छाटनी न्हाई. एवढ्या फांद्या ठेवल्यावर आत ऊन कुठनं जानार?" "गवत निस्तं वाढलंय. दोन शेळ्या सोडा म्हनावं." "टोपलीत फळ टाकलं की आतनं टाळ्या वाजत्यात. टाळ्या कशाला? माल कुठल्या बाजाराला जातो ते सांगा."

अण्णांच्या हातातला घास थांबायचा. "तात्या, खोटं हाय रं ते समदं!"

"तुला कुनी इचारलं? तू तुझ्या कांद्याकडं बघ."

सगळं सरळ झालं असं नाही. काही दिवस हात मुळीच साथ द्यायचा नाही, खांदा दुखायचा, तात्या चिडून "सोंग हाय निस्तं" म्हणत चष्मा ओढून काढायचे. एकदा मॅडमनी बदल म्हणून दुसरा खेळ लावला. समुद्राच्या तळाशी मासे पकडायचे. तात्यांचा हात जागचा हलला नाही.

"बाबा, मासे कुणाच्याच मालकीचे नसतात," मॅडम म्हणाल्या. तोवर त्या तात्यांना ओळखायला लागल्या होत्या.

"मालकीचं न्हाई वो. हितं मानूस कुठंय?"

बाग परत लागली. पाव्हणे बाकावर होतेच. पहिला रामराम, मग परवानगी, मग सफरचंद. परवानगीशिवाय तात्यांनी एकही फळ तोडलं नाही, आणि प्रत्येक परवानगीला हात कपाळाकडे जायचा. मॅडम म्हणायच्या, खेळ बनवणाऱ्यांनी सांगितला त्याच्या दुप्पट व्यायाम हा बाबांचा रामरामच करून घेतोय. हळूहळू खरा हात आणि आतला हात यांच्यातलं अंतर त्यांनी मशीनमध्ये कमी करत आणलं. तात्यांना ते सांगितलं नाही. तात्यांना ते कळलं होतं. "पाव्हण्याचं झाड उच होत चाललंय," ते म्हणाले.

मग एका रविवारी दुपारी मी भांडी लावत होते, अण्णा ओट्यावर दोर वळत बसले होते. तात्या भिंतीकडे बघता बघता एकदम म्हणाले, "बाज फिरव."

अण्णांनी दोर खाली ठेवला. "हात आला का पुरता?"

"न्हाई आला. डाव्यानं घालीन."

"डाव्यानं?" अण्णा उठून उभेच राहिले. "तूच म्हनायचास ना, डावा म्हंजी शिवी?"

"म्हनायचो. पन पाव्हणं कंच्या हातानं रामराम घालत्यात ते बघितलंस का तू?"

"मी कशाला बघू त्या टीव्हीतल्या..."

"डाव्यानं. रोज डाव्यानंच. उजवा कवा मांडीवरनं उचलत न्हाईत. त्येंच्याबी अंगावरनं वारं गेलेलं दिसतंय." तात्यांनी टोपी सारखी केली. "तरी बगंल त्येला हात करत्यात. लाजत न्हाईत. आन मला त्येंचा कवा राग आला न्हाई. मंग माझा कुनाला येनार हाय?"

मी तो टीव्ही इतके दिवस समोर उभी राहून पाहिला होता. पुढच्या फेरीला मुद्दाम निरखून पाहिलं. खरंच, म्हातारा डाव्या हाताने हात करत होता आणि उजवा मांडीवर ठेवलेला होता. ज्याने चित्र केलं त्याला तसं सोपं गेलं असेल, किंवा आरशासारखी उलटापालट झाली असेल. माझ्या मनात इतकंच आलं. माझं शिक्षण माझ्या ठिकाणी बरोबरच होतं. पण तात्यांना तिथे आजारी माणूस दिसला होता.

अण्णांनी बाज फिरवली. पहिला माणूस गेला तो टपरीवाला, सायकलवर. तात्यांनी डावा हात कपाळाला नेला. टपरीवाला ब्रेक न दाबताच सायकलवरून उतरला, सायकल नालीत गेली, आणि तो तिकडे न बघता म्हणाला, "रामराम तात्या! आवो, कुठं हुता एवढे दिस?"

"हितंच हुतो," तात्या म्हणाले. "भिताडाचं काम बघत हुतो."

आई दाराआडून हसली. तात्यांच्या अंगावरून वारं गेल्यापासून आमच्या घरात असं मोठ्याने कुणी हसलं नव्हतं.

त्यानंतर गोष्टी भराभर सुधारल्या असं मी म्हणणार नाही, पण थांबल्या नाहीत. तात्या घरी व्यायाम करायला लागले. कुत्र्याकडून चेंडू परत मिळाला नाही, म्हणून आईने चिंध्यांचा चेंडू शिवून दिला. आधी कोपर सरळ झालं, मग मूठ मिटली, मग बऱ्याच उशिराने उघडली. उघडली त्या दिवशी अण्णांनी तात्यांच्या तळहातावर शेंगदाणे ठेवले आणि म्हणाले, "खा आता तुझं तूच. माझा हात मोकळा कर." अर्धे दाणे अंगणात गेले. कोंबड्यांची चंगळ झाली. तात्यांनी उरलेले खाल्ले, आणि अण्णा डोळ्यात कचरा गेल्यासारखं करत उठून गेले.

मग मॅडमनी सांगितलं की आता इथे यायची गरज नाही, पुढचं घरी करा, अधूनमधून दाखवायला या. आम्ही त्यांना पेढे दिले. पेढ्यांचा पुडा तात्यांनी उजव्या हाताने पुढे केला, डाव्याने खालून आधार देऊन. काठी घेतली, निघालो. दारापर्यंत गेल्यावर तात्या थांबले.

"डाक्तरीनबाई, येकडाव लावता का ते?"

"बाबा, आजचं झालं की सगळं. दमाल."

"हाताचं काम न्हाई. पाव्हण्यांना सांगायचंय. उद्यापासनं मी येनार न्हाई. मानूस वाट बघत बसंल."

मी हळूच म्हटलं, "तात्या, चित्र आहे ते."

"मला म्हाईत हाय, बीयस्शी. येडा न्हाई मी." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पन ज्यानं काढलं त्यानं कुनाला तरी बघूनच काढलं आसंल ना?"

मॅडमनी तात्यांना खुर्चीत बसवलं, चष्मा बांधला, वर टोपी ठेवली. रिमोट बांधायला घेतला तर तात्या नको म्हणाले. बाग लागली. सफरचंदं, कुंपण, बाक. तात्या मांडीवर हात ठेवून थांबले. आम्हीही थांबलो. थोड्या वेळाने बाकावरच्या म्हाताऱ्याने डावा हात हलवला.

तात्यांनी दोन्ही हात उचलले आणि जोडले. उजव्याची बोटं वाकडीच होती, ती डाव्यावर नीट टेकली नाहीत.

"रामराम, पाव्हणं," ते म्हणाले. "भिताडाकडं तोंड करून बसलो हुतो तवा रामराम घालनारं तुमी येकलेच हुता. लोकं खाली बघून जायची. मीच बघत न्हवतो, त्येंचा काय दोष न्हाई." मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "माझा हात आला बगा. तुमचाबी येईल. सोडू नका."

आत म्हातारा हात हलवत राहिला. मॅडमनी लगेच बंद केलं नाही.

तात्यांचा हात पूर्वीसारखा झालेला नाही. बोटं अजून ताठ आहेत आणि थंडीत जास्त ताठ होतात. पण तात्या आता उजव्या हाताने जेवतात. भाकरी स्वतः मोडतात. सदऱ्याची बटणं स्वतः लावतात, गळ्याजवळचं सोडून. ते त्यांनी आधीही कधी लावलं नव्हतं.